बेंचवरच्या खेळाडूंचा भाव: ठाणे-नवी मुंबईच्या फुटबॉल समर्थकांना खुलं पत्र

ठाणे, वाशी, नेरूळ, खारघर आणि मधल्या सगळ्या स्टेशनांवरच्या समर्थक मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

क्लबला पाठवायच्या निवेदनाचा मसुदा वाचला. रात्रीच्या सामन्यानंतर हार्बर लाइनने घरी परतायच्या हालांबद्दलचा पहिला मुद्दा अगदी रास्त. लहान मुलांच्या तिकिटांचा दुसराही. तिसऱ्या मुद्द्यावर मात्र आम्ही काही जण अडलो. बेंचवरचे सहा जण जानेवारीत विकून टाकावेत, त्यांचे आठ-दहा कोटी सहज येतील आणि त्यात एक खणखणीत स्ट्रायकर घ्यावा, असं तिथे लिहिलंय. हा कागद असाच गेला तर क्लबात करार बघणारा माणूस तिसऱ्या मुद्द्याला हसेल आणि त्या हसण्यात पहिले दोनही वाहून जातील. म्हणून सही करण्याआधी हे वाचा.

सहा नावांपुढे सहा आकडे आहेत, पण एकाही नावापुढे कराराची मुदत नाही. भावाची सुरुवातच तिथून होते. फुटबॉलात क्लबाच्या मालकीचा खेळाडू नसतो, त्याच्याशी केलेला करार असतो. तो करार मुदतीआधी मोकळा करायचे जे पैसे मिळतात त्यालाच आपण ट्रान्सफर फी म्हणतो. मुदत संपली की मोकळं करायला काही उरतच नाही. बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मानच्या दाव्यात युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी निकाल दिला आणि मुदत संपलेल्या खेळाडूवर फी मागायची युरोपातली पद्धत मोडीत निघाली. आज फिफाचा नियम असा आहे की करार संपायला सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबाशी पुढच्या हंगामाचा करार उघडपणे करू शकतो. म्हणजे ज्याचा करार ३१ मे रोजी संपतो तो १ डिसेंबरपासून मोकळ्या बाजारात आहे. जानेवारीत त्याच्यासाठी दीड कोटी मोजणारा क्लब शोधून दाखवा. तो क्लब पाच महिने थांबेल आणि तोच माणूस फुकट घेईल. अगदीच घाई असली तर आत्ता सोडण्यापुरते थोडेफार देईल.

नवी मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. सिडकोच्या जमिनीवरचं घर बघायला आलेलं गिऱ्हाईक आधी लीजची किती वर्षं उरली ते विचारतं, किचनच्या टाइल्स नंतर बघतं.

उलट बाजूचं उदाहरण आपल्याच अंगणातलं आहे. २५ ऑक्टोबर २०१७, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, १७ वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना. स्पेनने मालीला ३-१ हरवलं. दोन गोल आबेल रुइझचे, एक फेरान तोरेसचा. तुमच्यापैकी कित्येक जण त्या रात्री स्टँडमध्ये होते. पुढे रुइझ बार्सिलोनाच्या मुख्य संघात रुजलाच नाही. २०२० मध्ये तो पोर्तुगालच्या ब्रागाकडे लोनवर (ठरावीक मुदतीपुरता उसना) गेला आणि नंतर ८ मिलियन युरोंना कायमचा. तोरेसला मँचेस्टर सिटीने २०२० मध्ये व्हॅलेन्सियाकडून सुमारे २३ मिलियन युरोंना घेतलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच्या पायाचं हाड मोडलं आणि तो बाहेर बसला. त्याच अवस्थेत, डिसेंबर २०२१ च्या अखेरीस, बार्सिलोनाने त्याच्यासाठी ५५ मिलियन युरो कबूल केले, वर कामगिरीचे बोनस वेगळे.

जायबंदी, मैदानाबाहेर, तरी दुपटीहून जास्त भाव. कारण सिटीच्या कपाटात त्याच्या कराराची साडेतीन वर्षं शिल्लक होती, वय एकवीस होतं आणि विकायची सिटीला गरज नव्हती. समोरच्याला मात्र फॉरवर्ड हवाच होता. सामन्यांची संख्या या हिशेबात चौथ्या-पाचव्या नंबरवर येते.

आता हाच तोरेस बार्सिलोनाच्या हिशेबाच्या वहीत बघा, म्हणजे मसुद्यातली दुसरी चूक कळेल. करार जून २०२७ पर्यंत, साडेपाच वर्षांचा. वहीत मोजलेली फी कराराच्या वर्षांवर सारखी वाटतात. ५५ ला साडेपाचने भागा: दरवर्षी १० मिलियन वहीतून कमी होतात. जून २०२५ ला साडेतीन वर्षं सरली, ३५ गेले, उरले २०. त्या वेळी २५ ला विकला असता तर समर्थकांनी '५५ ला घेतलेला २५ ला फुंकला' म्हणून बोटं मोडली असती, पण वहीत ५ चा नफा दिसला असता. पहिल्याच वर्षाअखेर, म्हणजे डिसेंबर २०२२ मध्ये, ४० ला विकला असता तर वहीत ५ चा तोटा. म्हणून बेंचवरच्या महागड्या खेळाडूला क्लब लवकर सोडत नाहीत. हट्ट नसतो तो. शिल्लक किमतीखाली विकला तर फरक त्याच वर्षीच्या तोट्यात पडतो आणि प्रीमियर लीगमध्ये तर तीन वर्षांत १०५ मिलियन पौंडांच्या तोट्याची मर्यादा क्लबांच्या मानगुटीवर बसलेली असायची. (तोरेस विकला गेला नाही. २०२४-२५ मध्ये बऱ्याचदा बदली म्हणून उतरून त्याने सगळ्या स्पर्धांत मिळून १९ गोल केले. दर उन्हाळ्यात त्याला विकायला काढणारे बार्सिलोनाचे समर्थक आपल्याकडेही आहेत, वाशीत तर फारच.)

अकादमीतून आलेल्या मुलाची वहीतली किंमत शून्य असते, म्हणून त्याचे सगळे पैसे नफाच. कोल पामर १ सप्टेंबर २०२३ ला सिटीहून चेल्सीत गेला, ४० मिलियन पौंड आणि वर थोडे. सिटीच्या हिशेबनिसाला तो सौदा सुरेख वाटला असणार. पामरने पुढच्याच हंगामात लीगमध्ये २२ गोल केले, तेव्हा हिशेबनिसाखेरीज बाकीच्यांना तो सुरेख वाटेनासा झाला. अशा वेळेसाठी दोन कलमं असतात आणि मसुद्यात दोन्हींचा पत्ता नाही. एक, पुढच्या विक्रीतला हिस्सा: 'यापुढे नफ्यात विकलात तर नफ्याचे पंधरा टक्के आमचे.' दुसरं, ठरलेल्या रकमेला परत घ्यायचा हक्क. कमी खेळलेल्या तरुणाला विकताना रोख रक्कम थोडी सोडून ही कलमं पदरात पाडून घेणं जास्त शहाणपणाचं, कारण त्याची खरी किंमत त्या दिवशी कुणालाच ठाऊक नसते.

आता मिनिटं. मसुद्यात एका फॉरवर्डपुढे 'दर ९० मिनिटांना ०.८७ गोल' असं ठळक अक्षरांत आहे आणि त्यावरून त्याचा भाव दोन कोटी. हा आकडा ४१२ मिनिटांत ४ गोलांवरून काढलाय. त्या चारांतले दोन पेनल्टी. ते वगळले की ०.४४. उरलेल्या दोनांतला एक संघ तीन गोलांनी पुढे असताना, थकलेल्या बचावाविरुद्ध ८५ व्या मिनिटानंतरचा. तो वगळायचा की नाही यावर वाद होऊ शकतो, पण एका गोलावर दोन कोटी उभे राहत नाहीत यावर वाद नसावा. २०२४-२५ च्या आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीगमध्ये) १३ संघ होते, प्रत्येकाचे २४ साखळी सामने, म्हणजे पूर्ण वेळ खेळणाऱ्याची २१६० मिनिटं. आकडेवारी करणारी बरीच मंडळी इतक्या थोड्या मिनिटांवर दर-नव्वदचा आकडा मांडायचं टाळतात. बदली खेळाडूचा आकडा फुगतोच: तो ताज्या पायांनी उतरतो, समोरचे दमलेले असतात, सामना मोकळा झालेला असतो. पाच बदल्यांच्या नियमाने तर असे तुकडे-तुकडे मिनिटं जमवणारे खेळाडू आणखी वाढले. बचावपटूचं उलटं. तो शेवटची दहा मिनिटं आघाडी राखायला येतो, त्याच्या अंगावर चेंडूच चेंडू येतात आणि आकडे वाईट दिसतात. गोलरक्षकाला तर ही फूटपट्टी लावूच नका.

त्यामुळे विचारायचा प्रश्न 'किती खेळला' याहून आधी 'का नाही खेळला' हा. प्रशिक्षकाने दोन विंगरची (कडेने चढाई करणाऱ्यांची) पद्धत सोडून तीन बचावपटू लावले आणि विंगर बाहेर बसला, तर विंगर लावून खेळणाऱ्या क्लबाला तो हवाच असतो आणि त्याचा भाव फारसा उतरत नाही. गुडघ्याचं दुखणं असेल तर मेडिकलमध्ये सौदा मोडतो, भावाची चर्चाच व्यर्थ. आणि कधी कधी कारण करारातच दडलेलं असतं. २०२२-२३ च्या सुरुवातीला अँत्वान ग्रीझमन ॲटलेटिको माद्रिदसाठी सामन्यामागून सामना साठाव्या मिनिटानंतरच उतरत होता. तो बार्सिलोनाकडून लोनवर होता. ठरावीक प्रमाणात सामन्यांत ४५ मिनिटांहून जास्त खेळला तर ॲटलेटिकोला ४० मिलियन युरो देऊन त्याला घ्यावंच लागणार होतं. साठाव्या मिनिटाला आला की उरली तीस मिनिटं, मीटर पडतच नाही. ऑक्टोबरमध्ये दोन्ही क्लबांनी बऱ्याच कमी रकमेवर तडजोड केली आणि तो लगेच सुरुवातीपासून खेळू लागला. त्या दोन महिन्यांत घड्याळ बघून कुणी 'ग्रीझमन संपला' म्हणून भाव काढला असता तर?

मसुद्यातला सगळ्यात लाडका प्रस्ताव अदलाबदलीचा: 'आपले दोन द्या, त्यांचा एक घ्या.' आयपीएलने आपली सवय बिघडवलीय. नोव्हेंबर २०२५ मध्ये संजू सॅमसन चेन्नईला आणि जडेजा राजस्थानला गेला, ते बघून फुटबॉलातही असंच चालत असेल असं वाटतं. फुटबॉलात अदलाबदल म्हणजे दोन स्वतंत्र ट्रान्सफर एकाच दिवशी जमवणं. दोन क्लबांचं जमायला हवं, दोन्ही खेळाडूंनी नवा पगार मान्य करायला हवा, दोन एजंट, दोन मेडिकल. यातला एक धागा तुटला की सगळंच उसवतं. जमतं तेव्हा जमतं: जुलै २०२३ मध्ये सहल अब्दुल समद केरळ ब्लास्टर्सकडून मोहन बागानला गेला आणि प्रीतम कोटाल तिकडून केरळला आला. पण ते दोघेही नियमित खेळणारे होते, दोन्ही क्लबांना नेमका तोच माणूस हवा होता. बेंचवरच्या दोघांच्या बदल्यात दुसऱ्याचा पहिला स्ट्रायकर मागणं म्हणजे दोन जुन्या सायकली देऊन बुलेट मागणं. समोरच्याला दोन जादा पगार नकोच असतात.

पगाराकडे मसुद्यात कुणी पाहिलेलंच नाही. भारतात बेंचवरच्या खेळाडूचा खरा भाव बहुतेक वेळा फीमध्ये नसतो, वाचलेल्या पगारात असतो. समजा पगार वर्षाला ६० लाख, म्हणजे महिन्याला ५. करार मेअखेर संपतो. १ जानेवारीला पाच महिन्यांचे २५ लाख द्यायचे उरलेत. आता तीन वाटा. कुणी १५ लाख फी देऊन पूर्ण पगार उचलला, तर क्लबाचा फायदा ४० लाख. कुणी फी न देता लोनवर घेऊन पगाराचे साठ टक्के उचलले, तर १५ लाख. कुणीच आलं नाही आणि दोन महिन्यांचा पगार हातावर ठेवून परस्पर संमतीने करार मोडला, तरीही १५ लाखच. लोन आणि करारमोड एकाच आकड्याला येतात, मग लोन का? कारण लोनवर तो खेळतो. पण ते त्याच्या कराराला पुढचं वर्ष जोडलेलं असेल तरच कामाचं, नाहीतर तुम्ही दुसऱ्याच्या अंगणात त्याला पाणी घातलं आणि फळही तिथेच पडलं. लोनवर पाठवण्याआधी करार एक वर्षाने वाढवून घेतात तो याचसाठी.

लोनला फिफाच्या मर्यादाही आहेत. आंतरराष्ट्रीय लोनमध्ये जुलै २०२४ पासून एका क्लबाला एका वेळी सहाच बाहेर आणि सहाच आत, तेही एकाच क्लबाशी तीनहून जास्त नाहीत. एकवीस वर्षांपर्यंतचे, क्लबातच घडलेले खेळाडू यातून वगळलेले. लोन जास्तीत जास्त एका वर्षाचं. आणि एका हंगामात खेळाडूची नोंदणी तीन क्लबांत होऊ शकते पण अधिकृत सामने दोनच क्लबांकडून. म्हणजे ऑगस्टमध्ये एका क्लबाकडून उतरून आपल्याकडे आलेला आणि इथे दहा मिनिटं खेळलेला माणूस जानेवारीत तिसरीकडे जाऊन खेळूच शकत नाही. यादीतल्या सहांचं हे एकदा तपासा.

'लोन आणि पुढे खरेदीची सक्ती' हा शब्दही जपून वापरा. पर्याय आणि सक्ती यांत फरक आहे आणि सक्तीलाही पळवाट असते. २०२४ मध्ये जेडन सँचो मँचेस्टर युनायटेडहून चेल्सीत खरेदीच्या सक्तीसह लोनवर गेला. हंगामाअखेर चेल्सीने ठरलेला ५ मिलियन पौंडांचा दंड भरला आणि त्याला परत पाठवला. युनायटेडच्या समर्थकांनी त्या विक्रीचे पैसे तोवर मनातल्या मनात खर्चून टाकले होते.

परदेशी खेळाडूंबद्दल थोडक्यात. आयएसएलमध्ये मैदानावर एका वेळी चारच परदेशी आणि नोंदणीच्या जागाही मोजक्या. जानेवारीत बाकीच्या क्लबांच्या जागा भरलेल्या असतात. आपला बेंचवरचा परदेशी भारतात कुणी घ्यायचा म्हणजे आधी त्यांनी स्वतःचा एक काढायला हवा. त्याला फी मागू नका. पगार वाचला तरी पेढे वाटा. शिवाय २०२५-२६ चा हंगाम ठरल्या वेळी सुरूच झाला नाही, तेव्हा क्लबांचे करार आणि पगार दोन्ही अधांतरी लटकले. अशा बाजारात आठ-दहा कोटी कुठून येणार?

एक गोष्ट मसुद्यात यायलाच हवी होती, ती राहिली. फिफाच्या नियमात कलम १५ आहे. प्रस्थापित व्यावसायिक खेळाडू हंगामात क्लबाच्या अधिकृत सामन्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी सामन्यांत दिसला, तर क्लबाच्या शेवटच्या अधिकृत सामन्यानंतर पंधरा दिवसांच्या आत तो करार मोडू शकतो. त्याच्यावर बंदी येत नाही, भरपाई मात्र द्यावी लागू शकते. आपला क्लब साखळी आणि चषक धरून ३० सामने खेळला तर रेघ तीन सामन्यांवर. दोनच खेळला असेल तर दार उघडं. दोन वर्षांचा करार बाकी आहे म्हणून भाव आहे असं समजून त्याला पूर्ण हंगाम बेंचवरच ठेवलात, तर मेअखेर तो भाव हातातून निसटू शकतो. तेव्हा 'त्याला खेळवूच नका, विका' ही मागणी स्वतःच्याच पायावर धोंडा आहे. विकायचं असेल तर आधी खेळवा. चषकाच्या सामन्यांत, सुरुवातीपासून, साठ-सत्तर मिनिटं.

आणि विकला गेलाच तर सगळे पैसे क्लबाचे नसतात. करार चालू असताना परदेशी क्लबात विक्री झाली की फीचे पाच टक्के त्याला लहानपणी घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. १२ ते १५ वर्षांच्या प्रत्येक हंगामाला पाव टक्का, १६ ते २३ च्या प्रत्येकाला अर्धा. १० कोटींच्या विक्रीत ५० लाख. घणसोली किंवा खारघरच्या एखाद्या नोंदणीकृत अकादमीत तो बारा ते पंधरा ही चार वर्षं असेल तर तिला एक टक्का, १० लाख. सिडकोच्या ट्रान्सफर चार्जेससारखंच, कुणी आवडीने भरत नाही, पण चुकत नाही. २०२२ पासून हे पैसे फिफाच्या क्लिअरिंग हाउसमार्फत (असे पैसे वाटणाऱ्या मध्यस्थ संस्थेमार्फत) फिरतात, त्यामुळे त्या मुलाची नोंद त्या-त्या हंगामात झालेली असणं महत्त्वाचं. आपल्या भागातल्या छोट्या अकादम्या नोंदणीचा हा कागद हमखास विसरतात. निवेदनात एखादी ओळ यावरही टाकता येईल.

आकड्यांबद्दल शेवटचं एक. मसुद्यात पौंड, युरो आणि रुपये एकाच रकान्यात आहेत. पौंड आणि युरोत पंधरा टक्क्यांच्या आसपास फरक पडतो, आणि एक मिलियन म्हणजे दहा लाख, एक कोटी नव्हे. दोन ठिकाणी ही गफलत झालीय. ट्रान्सफरमार्क्ट या वेबसाइटवरचा आकडाही भाव म्हणून उतरवलाय. तो अंदाज आहे, कुणाची बोली नाही, आणि कराराची सगळी कलमं तो अंदाज बांधणाऱ्यांना दिसत नाहीत.

तेव्हा तिसरा मुद्दा आम्ही असा लिहून पाठवतोय. 'करार मेमध्ये संपणाऱ्या खेळाडूंबाबत क्लबाने डिसेंबरआधी निर्णय घ्यावा: मुदतवाढ किंवा परस्पर संमतीने निरोप. तेवीस वर्षांखालच्या ज्यांना खेळायला मिळत नाही त्यांना मुदत वाढवून, परत बोलावण्याच्या कलमासह लोनवर पाठवावं. विकल्यास पुढच्या विक्रीतला हिस्सा राखावा. चषकाच्या सामन्यांत बेंचवरच्यांना सुरुवातीपासून संधी द्यावी.' किमतींचा तक्ता काढून टाका. तो हवाच असेल तर रविवारी तलावपाळीवर भेटू तेव्हा प्रत्येक नावापुढे वय, कराराची शेवटची तारीख, वर्षाचा अंदाजे पगार, खेळलेली मिनिटं आणि न खेळण्याचं कारण एवढे पाच रकाने भरून आणा. ०.८७ वाल्या त्या फॉरवर्डचा रकाना भरताना त्याच्या दोन पेनल्टी वेगळ्या लिहा.

आपले,
नेरूळ, सीवूड्स आणि कोपरीचे काही समर्थक